नवरी फुलं वेचायला गेलीय

२२ इस्फंद

मिळाली एकदाची. तीन वसंत कोरडे गेल्यावर एक मादी मिळाली.

फोन आला तेव्हा मी दातांत साखरेचा खडा धरून चहा पीत होतो. पलीकडचा जाळीवाला ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला आणि मी नुसता हुंकार देत राहिलो. फीलमाही आहे, मादी आहे, जिवंत आहे, एवढं कळल्यावर चहा तसाच टाकून उठलो. दुपारी आमच्या मत्स्यबीज केंद्रावर टँकर आला. हौद सांभाळणारा शाबान चौघांना घेऊन पाण्यात उतरला आणि कापडी झोळीतून तिला हौदात सोडलं. फीलमाही म्हणजे हत्तीमासा. नाव ठेवणाऱ्याने उगाच ठेवलेलं नाही. शाबानची होडी तिच्याहून आखूड आहे. पाठीवरच्या हाडांच्या ढाली झिजून गुळगुळीत झाल्यात. वयाने माझ्या लेकीपेक्षा, गिलदापेक्षा नक्कीच मोठी असणार, कदाचित माझ्या लग्नाहूनही.

“या, खुनी इंजिनियर,” शाबान म्हणाला, “तुमचं गिऱ्हाईक आलंय.”

हे माझं इथलं नाव. आमच्या फारसीत खून म्हणजे रक्त, माझी प्रयोगशाळा रक्ताची, म्हणून मी खुनी. दुसरा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर हसतात. आमचे संचालक नोसरत आगासुद्धा एकदा तेहरानच्या पाहुण्यांना ‘हे आमचे खुनी’ अशी ओळख करून देऊन बसले होते. मला राग येत नाही. प्रजनन हॉल सांभाळणाऱ्या महीन-खानूमला सगळे ‘सुईण’ म्हणतात, तिला येतो.

नोसरत आगांनी संध्याकाळी मला आणि महीन-खानूमला बोलावून सांगितलं, की या वर्षी हत्तीमाशाची पिल्लं झाली नाहीत तर पुढच्या वर्षी प्रजनन हॉल खाण्याच्या ट्राउट माशांना जाईल. वरून ठरलंय. म्हणजे सगळं या एका पोटावर आलं.

जेवण गेलं नाही. बायकोने, फरंगीसने वांग्याचं मिर्झा कासेमी केलं होतं, लसूण मुक्तहस्ते घालून. “आनंद झालाय की भीती वाटतेय?” तिने विचारलं. मला ठरवता आलं नाही.

२४ इस्फंद

पहिलं रक्त घेतलं. ओलं फडकं डोळ्यांवर टाकून, झोळीत उताणी करून, शेपटीखालच्या शिरेतून. तिने एकच तडाखा दिला आणि शाबान गमबुटांसकट पाण्यात. वर आल्यावर शिव्या माशाला दिल्या की मला, ते स्पष्ट झालं नाही.

कॅल्शियम बघून उडालोच. माणसाच्या रक्तात एवढं निघालं तर डॉक्टर त्याला चालत घरी जाऊ देणार नाही. प्रथिनं भरपूर, चरबी भरपूर. याचा अर्थ यकृत बलक तयार करतंय, रक्त तो वाहून नेतंय आणि अंडी तो पितायत. पोटाला हातसुद्धा न लावता मला हे कळलं!

हेच मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. मी नोकरीला लागलो तेव्हा पिकलेली मादी म्हणजे मेलेली मादी असायची. डोक्यात लाकडी हातोडा, मग पोट उभं फाडायचं. आता महीन-खानूम बोटभर चीर देऊन अंडी काढते आणि टाके घालते, मासा जगतो. पण पिकली की नाही हे बघायला पोटात नळी खुपसावीच लागते. ते तरी का? आत काय चाललंय ते रक्त बाहेर येऊन सांगतं. वाचता आलं पाहिजे, इतकंच. सिद्ध करायला मादीच मिळत नव्हती.

एका आकड्याला मात्र अर्थ नसतो, आकड्यांची रांग लागते. रोज घ्यायचं ठरवलं.

“रोज?” महीन-खानूमने चष्म्यावरून पाहिलं.

“थोडंसंच. तिच्या अंगात किती रक्त आहे माहितेय का तुला?”

“रक्ताचं नाही म्हणत मी. पकडण्याचं म्हणतेय.”

ती सगळ्यातच खुसपट काढते. तिच्या नळीला स्पर्धा उभी राहिली म्हटल्यावर काढणारच.

२९ इस्फंद

घर धुऊन झालं, नवरोजचा सुफ्रा मांडून झाला. गिलदा सात वस्तूंमध्ये व्हिनेगर ठेवायला विसरली, तिची आई तिला बोलली, मग दोघी हसत सुटल्या. गिलदाचं कोंकूर या उन्हाळ्यात. सारा देश एकाच परीक्षेला बसतो आणि पोरांच्या आयुष्याचा निकाल एका सकाळी लागतो. शुक्रवारी सराव चाचणी होती. मी दारातच विचारलं, किती पडले. म्हणाली, ठीक. ठीक हा आकडा नाही. मग सांगितले. गेल्या वेळेपेक्षा कमी.

“रसायनात गेले?”

“बाबा, बूट तरी काढू दे.”

मी काही रागावलो नव्हतो. मला फक्त माहीत असायला हवं. माहीत नसलं की माझा जीव टांगणीला लागतो, हा माझा स्वभाव.

१ फरवरदीन

नवं वर्ष लागलं तेव्हा फरंगीस, गिलदा आणि मी आरशासमोर बसलो होतो. सासऱ्यांकडे जायच्या आधी केंद्रावर जाऊन आलो. सुट्टी असल्याने शाबानचा चुलतभाऊ आणि पहारेकरी, एवढेच होते मदतीला. दोघांना नवखेपणामुळे जमेना, ती दोनदा निसटली. तिसऱ्या खेपेला रक्त आलं. नव्या कपड्यांवर पाणी उडालं म्हणून फरंगीसने वाटेत तोंड उघडलं नाही.

कॅल्शियम उत्तम. साखर थोडी जास्त वाटली.

५ फरवरदीन

पहिली तपासणी. रक्तावर माझा विश्वास असला तरी केंद्राचा नियम नळीचाच. महीन-खानूमने पोटातून अंडी काढली, उकळली, पात्याने मधोमध कापली आणि भिंगाखाली धरली. अंड्याचं केंद्रक मधोमध असेल तर कच्चं, कडेला सरकलं की पिकलं. आमच्या नवरीचं अजून मधल्या घरातच बसलं होतं.

तिला नवरी म्हणायचं हा इथला जुना प्रघात. लग्नात काझी नवरीला तीनदा विचारतो. पहिल्यांदा विचारलं की बायका ओरडतात, नवरी फुलं वेचायला गेलीय. दुसऱ्यांदा, नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय. तिसऱ्यांदा ती म्हणते, थोरामोठ्यांच्या परवानगीने, हो. आमच्याही तपासण्या तीनच असतात. महीन-खानूमने भिंगावरून मान वर केली आणि नकारार्थी हलवली, तसा शाबान बायकी आवाजात किंचाळला, “नवरी फुलं वेचायला गेलीय!” हॉल हसला. नोसरत आगासुद्धा.

मीही हसलो. आत मात्र धाकधूक होती. पाणी अजून गार आहे, पण वसंत थांबत नाही. पाणी तापलं आणि अंडी पिकली नाहीत, तर गेलीच.

८ फरवरदीन

साखर वाढलेली. स्नायूंच्या थकव्याचं आम्लही वाढलंय. मासा पळतोय, झगडतोय, असं रक्त सांगतं. कशाशी झगडतोय?

पंपाचा आवाज! नवा पंप हौदाला लागूनच आहे. त्याची थरथर पाण्यात उतरते, हात बुडवला की कळतं. नोसरत आगांच्या मागे लागून पंप पलीकडे हलवून घेतला. शाबानची माणसं घामाघूम झाली. ताणाच्या संप्रेरकासाठी नमुना रश्तच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय.

फरक पडतो का ते बघायला आजपासून सकाळ-संध्याकाळ रक्त घेणार आहे.

१० फरवरदीन

पंप हलवूनही साखर तशीच. पहारेकऱ्याची मोटारसायकल बंद करायला लावली. तो आता फाटकापासून हात धरून ढकलत आणतो आणि माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटतो.

१३ फरवरदीन

नव्या वर्षाचा तेरावा दिवस. आज घरात थांबायचं नसतं. आमचा सगळा गिलान प्रांत नदीकाठी सतरंज्या टाकून बसलेला, कबाबांचा धूर, पोरांचा गलका. आम्हीही गेलो होतो. गिलदा गवताला गाठ मारत होती. मनात इच्छा धरून मारायची असते. मी विचारलं, कोंकूरची ना?

तिने गाठ सोडून टाकली आणि ते पातं फेकून दिलं.

“तिला थोडा वेळ एकटं सोड ना रे,” फरंगीस हळूच म्हणाली.

“मी काय केलं? प्रेमानेच विचारलं.”

“तेच तर.”

याचा अर्थ मला लागला नाही. जेवणानंतर मी केंद्रावर गेलो. मी नसल्याने त्यांचा दिवस बरा गेला असावा, परत आलो तेव्हा मायलेकी मोठमोठ्याने हसत होत्या.

१५ फरवरदीन

एक चांगली गोष्ट घडतेय. नवरीला माझी सवय झाली!

आधी झोळी पाण्यात शिरली की ती सैरावैरा व्हायची. आता तिथेच थांबते. उताणी केली तर पडून राहते, सुई टोचली तरी शेपूट हलवत नाही. आज फडकंसुद्धा टाकायला लागलं नाही. मी शाबानला म्हटलं, “बघ, ओळखते मला.”

शाबान नेहमी काहीतरी टोमणा मारतो. आज मारला नाही. म्हणाला, “माझा म्हातारा बैल शेवटी शेवटी असाच झाला होता. खूप गुणी.” बैलाची आणि हत्तीमाशाची तुलना कशाला, पण असो. शेपटीखालची जागा जरा सुजली आहे. थोडं वर टोचायला हवं.

१८ फरवरदीन

दुसरी तपासणी. केंद्रक जेमतेम सरकलंय. शाबानच्या आधी महीन-खानूमच्या हाताखालच्या पोरीच ओरडल्या, “नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!” या खेपेला हसू जरा कमी आलं.

रश्तहून निकाल आलाय. ताणाचं संप्रेरक इतकं वर की त्यांनी फोन करून विचारलं, नमुना बदलला तर नाही ना? मी म्हटलं, बदलला नाही, तुमचं यंत्र तपासा. त्यांनी तपासलं. यंत्र ठीक आहे.

मी महीन-खानूमपाशी बसलो. चहाबरोबर लाहिजानची कुलूचे बिस्किटं होती, तीही मला गोड लागेनात. मी कारणांची चर्चा सुरू केली: वाहतुकीत लागलेला मार, पाण्यातला प्राणवायू, हौदाचा हिरवा रंग.

ती म्हणाली, “कयूमर्स, तू सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला तुझा.”

“म्हणजे?”

“म्हणजे थांब आता. तिसऱ्या तपासणीपर्यंत तिला कुणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. तिला अंधार दे, वाहतं पाणी दे आणि विसरून जा.”

“आणि दरम्यान काही बिघडलं तर? कळणार कसं?”

“नाही कळणार.”

एवढं शिकलेली बाई, आणि उपाय काय तर अज्ञान! तरी वचन दिलं. नोसरत आगा ऐकत होते, त्यांच्यापुढे तमाशा नको म्हणून दिलं.

२० फरवरदीन

हात रिकामे. सुया उकळल्या, नळ्या धुतल्या, पुन्हा धुतल्या. हौदावर ताडपत्री टाकलीय, खाली ती आहे की नाही तेही दिसत नाही. शाबान कडेला बसून जाळं विणत असतो आणि मी जवळ गेलो की ओठांवर बोट ठेवतो. स्वतःच्याच केंद्रात मी चोर झालोय.

घरीही तेच. गिलदाने आज जेवताना जाहीर केलं, की ती लाहिजानला मावशीकडे राहून अभ्यास करणार. तिथे म्हणे शांत असतं. आमच्या घरात कोणता बँड वाजतो? बॅग भरताना ती मला बिलगली आणि म्हणाली, “बाबा, फोन नको करू हं रोज. मी करेन.”

“कधी करशील?”

ती हसली, पण डोळे भरले होते. पोरीचं काही कळत नाही. फरंगीस तिला सोडून आली आणि आल्यावर बराच वेळ भाताच्या पातेल्याशी खडखडाट करत राहिली.

२२ फरवरदीन

घर मोकळं मोकळं झालंय. गिलदाला एकदाच फोन केला. तिने उचलला नाही, मावशीने उचलला. मुलगी अभ्यासाला बसलीय म्हणाली. चाचणीचं विचारलं तर म्हणाली, “भावोजी, तुम्हाला फीलमाही पुरत नाही का?” विनोद कुणालाही सुचतो.

पाणी तापतंय. मी तळहात बुडवून बघतो.

मला भीती वाटते, आणि ती इथे लिहिली नाही तर कुठे लिहू? मला वाटतं हे सगळं फुकट जाणार. हॉलमध्ये ट्राउट पोहतील. तेहरानचे लोक ते लिंबू पिळून खातील. आणि हत्तीमासा आमच्या पोरांना फक्त केंद्राच्या पाटीवरच्या चित्रात दिसेल. सकाळी उठून बूट चढवताना वाटतं, कशाला? मग चढवतो.

२४ फरवरदीन

वचन मोडलं.

मोडलं म्हणजे कारण होतं. तिसऱ्या तपासणीनंतर लगेच पिकवण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्रा किती हे ठरवायला आजचा आकडा हवा. अंधारात मात्रा ठरवणं हा गुन्हा आहे. महीन-खानूम रश्तला गेली होती. मी शाबानला म्हटलं, झोळी आण.

“सुईणबाईंना विचारलंत?”

“विचारलं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग झोळी आणली. ताडपत्री काढल्यावर ती उजेडाने दचकली आणि भिंतीवर आदळली, नाकातून थोडं रक्त आलं. उजेडाची सवय मोडली असेल इतक्या दिवसांत. शिर सापडेना. सूज उतरत आली होती, तरी आतून कडक गाठी लागत होत्या. खूप वेळा टोचावं लागलं. शाबान तिचं डोकं धरून उभा होता आणि तोंड दुसरीकडे फिरवून होता.

आकडे चांगले निघाले. हेच मला कळत नाही! साखर खाली, आम्ल खाली, कॅल्शियम भक्कम, ताणाची काहीच खूण नाही. म्हणजे मधल्या दिवसांत पाणी सुधारलं. बहुतेक ताडपत्रीने हिरवा रंग गेला. मी खुशीत घरी आलो, फरंगीससाठी हायसिंथची कुंडी घेतली.

तिने विचारलं, “महीनला सांगितलंस?”

मी म्हटलं, उद्या सांगतो.

२६ फरवरदीन

सांगितलं नाही. एक पक्कं करून घ्यायचं होतं म्हणून काल आणि आज परत नमुना घेतला. साखर पुन्हा वर. आम्ल वर. कॅल्शियम घसरलं, चांगलंच घसरलं. दोन दिवसांत असं काय झालं असेल? वाराही बदलला होता. डोंगराकडून गरम वारा येतोय.

ती पुन्हा गुणी झालीय. हलत नाही.

२८ फरवरदीन

तिसरी तपासणी.

सगळे जमले होते. शाबानने पांढरी चादर आणली होती. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर धरून त्यावर साखरेचे सुळके घासतात, तशी दोन पोरींनी ती हौदावर धरली, आणि तिसरी चहाच्या साखरेचे दोन खडे एकमेकांवर घासत होती. साखरेचा चुरा पाण्यात पडत होता. नोसरत आगा टाय लावून आले होते. टाय! आमच्या कार्यालयात टाय चालत नाही, त्यांनी तो कोटाच्या आत लपवला होता आणि मला दाखवला.

महीन-खानूमने नळी घातली. नळीतून अंडी आधी उतरलीच नाहीत, पाणी उतरलं. पिवळट, चिकट. मग अंडी आली, मऊ, काही चपटी, काहींवर संगमरवरासारख्या शिरा. तिने एक बोटात धरलं तर ते फुटलं. तरीही तिने नियमाप्रमाणे उकळली. पात्याखाली ती कापली जाईनात, पिठासारखी पसरत होती. भिंगाखाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण ती खूप वेळ बघत राहिली. मला कळलं की तिला मान वर करायची नाहीये.

चादर धरलेल्या पोरींचे हात भरून आले असतील. फुलांचं झालं होतं, गुलाबपाण्याचं झालं होतं, तिसऱ्या नकारासाठी आमच्याकडे वाक्यच नाही.

शेवटी महीन-खानूम म्हणाली, “परत शोषून घेतेय. स्वतःची अंडी स्वतःच.”

“गरम वाऱ्यामुळे,” मी म्हटलं.

तिने शेपटीकडे बोट दाखवलं. मी तिकडे पाहिलं नाही, मला ती जागा माहीत आहे. नव्या खुणा ताज्या होत्या, लपण्यासारख्या नव्हत्या. शाबान जमिनीकडे बघत होता. त्याने काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती.

मला वाटलं ती ओरडेल. ती दमल्यासारखी बोलली. “नवरीला तीनदा विचारतात, कयूमर्स. तू तिला रोज विचारलंस. दिवसातून दोनदा विचारलंस. ती काय उत्तर देणार?”

नोसरत आगांनी कोटाचं बटण लावून घेतलं आणि निघून गेले.

३० फरवरदीन

सुट्टी घेतली आहे. अंथरुणात पडून तिच्याशी भांडतोय. महीनशी, मनात. रक्त किती घेतलं? तिच्या अंगातल्या रक्ताच्या मानाने नगण्य. सुई केवढी? वाळूत फिरताना माशाला याहून मोठे ओरखडे पडतात. सील चावतात, जाळी कापतात, तरी हे मासे डायनासोरांच्या काळापासून अंडी घालत आलेत. मग एका सुईने?

आणि मग आठवतं, की मधल्या दिवसांत हात लावला नाही तेव्हा आकडे सुधारले होते. मी म्हटलं होतं, ताडपत्रीमुळे.

फरंगीस सूप घेऊन आली. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, माझं चुकलं का? ती म्हणाली, खाऊन घे. मी पुन्हा विचारलं. मी आणखी एकदा विचारलं. तिने वाटी ठेवली, पलंगाच्या काठावर बसली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. “असंच,” ती म्हणाली, “असंच करतोस तू.”

२ उर्दीबिहिश्त

कामावर गेलो. नियमाप्रमाणे मासा समुद्रात परत सोडण्याआधी एक शेवटचा नमुना घ्यायचा असतो. मी घेतला नाही. तसं लिहून दिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून रिकामा ठेवला.

घ्यायची गरजही नाही. मला रक्त वाचता येतं, न काढताही. यकृताने जे पाठवलं होतं ते सगळं उलट वाहतंय. अंडी फुटतायत, बलक पुन्हा रक्तात उतरतोय, ती तिचीच लाखो पिल्लं पोटातल्या पोटात पचवतेय. पुन्हा अंडी धरायला तिला कित्येक वर्षं लागतील. तोवर ती कुठल्या ना कुठल्या जाळ्यात सापडेल, आणि ते जाळं आमचं नसेल. चोरून मासे मारणाऱ्या त्या लोकांना कॅव्हियारसाठी, अंड्यांसाठी, पोटच हवं असतं. त्यांच्याकडे हातोडा अजून आहे.

मला तो हातोडा बंद करायचा होता. एवढंच करायचं होतं मला.

फरंगीसला लाहिजानहून फोन आला होता. गिलदा या शुक्रवारी येणार नाहीये. तिचं वजन कमी झालंय, मावशी म्हणते पोरगी जेवत नाही. मला फोन उचलून विचारावंसं वाटतंय, किती कमी झालं. फोन टेबलावर आहे. मी तो फरंगीसच्या खोलीत ठेवून आलो.

४ उर्दीबिहिश्त

आज तिला सोडलं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, गढूळ पाण्यात.

शाबान आणि चौघांनी झोळी धरली होती. महीन कमरेइतक्या पाण्यात उभी होती, कपडे ओले, तिला पर्वा नव्हती. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. झोळी खाली गेली तरी ती निघेना. कुणी धरलेलं नसतानाही तशीच पडून राहिली, अर्धी उताणी, सुईची वाट बघत असल्यासारखी. मी तिला हे शिकवलंय. शाबानने पोटाखाली हात घालून तिला सरळ केलं. महीनने शेपटीला हलका धक्का दिला. बऱ्याच वेळाने तिने एकदा कल्ले उघडले, मग दुसऱ्यांदा, आणि मग पाणी नुसतंच वळलं. गेली. निरोप घेण्याइतकंही काही दिसलं नाही.

परतीच्या गाडीत पहारेकऱ्याने स्वतः उठून मला पुढची जागा दिली. “बसा, इंजिनियरसाहेब.” शाबानने थर्मासमधला चहा आधी मला दिला. “घ्या, साहेब.” नोसरत आगांनी फाटकात हात पुढे केला, “कयूमर्स आगा, घरी जाऊन आराम करा.” हॉलमध्ये ट्राउटसाठी मोजमाप घेणारे लोक आले होते, त्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली, “हे आमचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ.” त्या लोकांनी माना झुकवल्या.

किती बरं वाटलं. माणसं वाईट नाहीत आमची, अडचणीत सांभाळून घेतात, असं वाटलं. घरी येईपर्यंत तसंच वाटत होतं.

दारात बूट काढताना लक्षात आलं. आज दिवसभरात मला एकानेही खुनी म्हटलं नाही.